सेकंदाला एक ओळ

"अम्मा, राउटर बदलू या. लई स्लो चाललंय की."

मार्चमधली संध्याकाळ. जुळे सोलापुरात ऊन कलतं तेव्हा लोक फाटकाशी खुर्च्या टाकून बसतात. आम्ही मायलेक मात्र घरात, टेबलावरच्या लॅपटॉपकडे बघत बसलो होतो. वरच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर एक फोल्डर आहे. त्यात चादरी आणि टॉवेलच्या बारा हजार नक्ष्या आहेत, सगळ्या मिळून ९०० एमबी. तो फोल्डर खाली मुलाच्या लॅपटॉपवर आणायचा होता. मध्ये वायफाय नाही, भिंतीतून ओढलेली तार. तरी सहा मिनिटं लागली. आदल्याच दिवशी त्याच तारेवरून ८ जीबीचा एक व्हिडिओ सव्वा मिनिटात खाली आला होता. नऊपट जड बोजा पळत आला आणि हलका रांगत आला.

मी म्हटलं, "राउटरला कशाला शिव्या देतोस बे? तार तीच, स्विच तोच. काल पळाला, आज का रांगतोय? आधी वरची पेटी बघ."

"तुला काय माहीत पेटीत काय आहे ते?"

पेटीत काय आहे ते मला तेव्हा खरंच ठाऊक नव्हतं. पण असल्या कोड्याशी माझी ओळख जुनी आहे. माझे वडील, म्हणजे आमचे नान्ना, जकार्डचे पुठ्ठे पाडायचे. मी शाळेत असल्यापासून ते पुठ्ठे दोरीत ओवायचे. नक्षी ठेवायची कशावर आणि ती ठेवल्या जागेवरून मागापर्यंत पोचायला किती वेळ लागतो, या एका प्रश्नावर आमच्या घरातल्या तीन पिढ्यांची चूल पेटली आहे.

जकार्ड ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. मागावर उभे धागे ताणलेले असतात. धोटा त्यांच्यामधून आडवा धागा टाकत जातो. आडवा धागा पडताना कुठले उभे धागे वर उचलायचे आणि कुठले खाली ठेवायचे, यावर नक्षी ठरते. साध्या कापडाला धागे उचलणाऱ्या दोन-चार चौकटींवर काम भागतं. मोर, वेल, कमळ काढायचं तर शेकडो धागे आपापल्या मर्जीने वर-खाली व्हायला हवेत. पूर्वी त्यासाठी मागावर एक पोरगं बसवायचे आणि ते हाताने दोऱ्या ओढायचं. फ्रान्समधल्या लियों गावात १७२५ साली बाझिल बुशों नावाच्या माणसाने भोकं पाडलेल्या कागदाच्या पट्टीवरून हे काम करायची युक्ती काढली. तीन वर्षांनी फाल्कोंने पट्टीच्या जागी सुटे पुठ्ठे आणून ते एकमेकांना जोडले. १८०४च्या सुमारास जोसेफ मारी जाकारने ही सगळी करामत मागाच्या डोक्यावर बसेल अशा एका यंत्रात आणली. भोक असेल तर सुई आत जाते, आकडा वर चढतो, धागा उचलला जातो. भोक नसेल तर धागा जागेवर राहतो. एक पुठ्ठा म्हणजे एक आडवा धागा.

भोक आहे किंवा नाही, एवढ्याच भाषेवर पुढे कॉम्प्युटर उभा राहिला. इंग्लंडच्या चार्ल्स बॅबेजकडे जाकारचं रेशमात विणलेलं चित्र होतं, चोवीस हजार पुठ्ठ्यांवरून विणलेलं. त्याने आपल्या गणिती यंत्रासाठी तेच पुठ्ठे घ्यायचं ठरवलं. १८९०च्या अमेरिकन जनगणनेत होलेरिथने माणसं मोजली तीही भोकांच्या पुठ्ठ्यांवर. हे सगळं मला मुलाच्या इंजिनिअरिंगच्या पुस्तकातून कळलं. नान्नांना यातलं काही माहीत नव्हतं. त्यांना पियानो माहीत होता.

पियानो म्हणजे पुठ्ठे पाडायचं मशीन. समोर बोटांसाठी कळा, खाली पायडल. डोळ्यांसमोर ग्राफ टांगलेला, त्यात रंगवलेले चौकोन. चारशे आकड्यांच्या जकार्डचा पुठ्ठा घेतला तर त्यावर आठ-आठ भोकांच्या पन्नास ओळी. एका ओळीत कुठली भोकं हवीत ते ग्राफवर बघायचं, तेवढ्या कळा बोटांनी दाबायच्या आणि पाय मारायचा. खट्. पुठ्ठा एक ओळ पुढे सरकतो. पुन्हा बघायचं, दाबायचं, खट्. आठ भोकांची एक ओळ म्हणजे आठ बिट, म्हणजे नेमका एक बाइट. नान्ना सेकंदाला एक ओळ पाडायचे, हात बसलेला होता म्हणून. सेकंदाला एक बाइट.

त्या वेळी आम्ही अशोक चौकाच्या पलीकडे राहायचो. खालच्या मजल्यावर घरमालकाचे चार माग, वर आम्ही. आमच्यासारखी पद्मशाली कुटुंबं तेलंगणातून सोलापुरात आली ती पोटासाठी. इथे रेल्वे १८६० साली पोचली, १८७७ साली जुनी गिरणी सुरू झाली. मध्येच १८७६चा मोठा दुष्काळ येऊन गेला. विणायला येणाऱ्या माणसाला या गावात काम होतं. घरात तेलुगू, बाजारात मराठी, शेजारी कन्नड. आमच्या गल्लीत मूल बोलायला लागायचं तेच तीन भाषांत. खालच्या मागांची खडखड इतकी अंगवळणी पडलेली की लाईट गेली आणि माग थांबले की पाळण्यातली पोरं दचकून उठायची.

पाडलेले पुठ्ठे माझी अम्मा आणि मी ओवायचो. एकामागून एक, दोन्ही कडांना दोरी, मागचा पुठ्ठा पुढच्याला, शेवटचा पहिल्याला. म्हणजे एक मोठी माळ तयार व्हायची. ती जकार्डवर चढवली की फिरत राहायची आणि नक्षी पुन्हा-पुन्हा येत राहायची. मोठ्या चादरीची नक्षी दोन-दोन हजार पुठ्ठ्यांची असायची. आता हिशेब बघा. एक पुठ्ठा पन्नास बाइट. दोन हजार पुठ्ठे म्हणजे एक लाख बाइट, शंभर केबी. आज व्हॉट्सअ‍ॅपवरच्या गुड मॉर्निंगच्या फुलालाही एवढी जागा लागते. ते शंभर केबी तेव्हा एका माणसाला एका खेपेत उचलत नसत.

माग मिनिटाला शंभर धागे टाकतो असं धरलं तर शंभर पुठ्ठे, पाच हजार बाइट. म्हणजे सेकंदाला त्र्याऐंशी. नक्षी एका कारखान्यातून दुसऱ्याकडे न्यायची तर नान्ना गठ्ठे सायकलच्या मागे बांधायचे. दोन खेपा, मिळून वीस मिनिटं. एक लाख बाइटला बाराशे सेकंद, पुन्हा सेकंदाला त्र्याऐंशीच. हा हिशेब मी परवा कागदावर मांडला तेव्हा मलाच हसू आलं. सायकल आणि माग यांचा वेग एकच निघाला, आणि लिहिणारा माणूस मात्र सेकंदाला एक. दोन हजार पुठ्ठे पाडायला रोज पाच तास बसून आठवडा जायचा. कारखानदार चिडायचा तो सायकलवर. "अजून माल पोचला नाही का?" पुठ्ठे सायकलवर चढायच्या आधीच सहा दिवस गेलेत, हे त्याला दिसत नसे. रस्ता दिसतो म्हणून लोक रस्त्याला बोल लावतात.

दुसरी एक गोष्ट मी मागाशी उभी राहून शिकले. विणता-विणता एखादा धागा चुकला की विणकराला माघारी जावं लागतं. चुकलेला धागा उसवायचा आणि पुठ्ठ्यांची माळ उलटी फिरवून नेमक्या त्या पुठ्ठ्यावर आणायची. माळ पुढे फिरताना मिनिटाला शंभर पुठ्ठे सरकतात. माघारी एकेक. पाचशेव्या पुठ्ठ्यावरून चारशे नव्वदाव्यावर यायला जो वेळ जातो तेवढ्यात सरळ विणून हातभर कापड निघालं असतं. सरळ जाणं स्वस्त, शोधत जाणं महाग. माझ्या मुलाच्या बारा हजार नक्ष्या सहा मिनिटं का रांगल्या, त्याचं उत्तर इथेच आहे. पण तिथे यायला मला मधली तीस-पस्तीस वर्षं सांगावी लागतील.

१९८३ साली इटलीत मिलानच्या यंत्रप्रदर्शनात बोनास या इंग्लिश कंपनीने इलेक्ट्रॉनिक जकार्ड मांडला. पुठ्ठाच नाही. नक्षीची फाइल आणि तिच्या हुकमाने उचलले जाणारे आकडे. ही बातमी सोलापूरला पोचली तेव्हा नान्ना म्हणाले, "विजेवर चालतंय म्हणजे लाईट गेली की नक्षी पण जाणार." पुढे कितीतरी वर्षं आमच्या गल्लीत पुठ्ठेच चालले. आधी बदलला तो पुठ्ठे पाडण्याचा भाग. नक्षी कॉम्प्युटरवर काढायची आणि फ्लॉपी पंचिंगवाल्याकडे द्यायची, तिथलं मशीन त्यावरून पुठ्ठे पाडणार. आठवड्याचं काम काही तासांवर आलं. नान्नांचा पियानो थांबला.

मी ग्राफ काढायला शिकले होते, आता माउस धरायला शिकले. लग्न होऊन काही वर्षं झाली होती, आणि १९९८ साली आम्ही जुळे सोलापुरात आलो. विजापूर रस्ता आणि होटगी रस्ता यांच्यामधला हा भाग. १९९२च्या हद्दवाढीनंतर इकडे घरं भराभर उठत होती, पण आमच्या प्लॉटभोवती तेव्हा काळी रानंच होती. जुळं म्हणजे सोलापूरचंच दुसरं अंग, पण आवाज वेगळा. पहिली रात्र मला झोप लागली नाही, मागाची खडखड नाही म्हणून. घराच्या वरच्या खोलीत कॉम्प्युटर बसला, आणि पूर्वेकडच्या कारखानदारांसाठी मी इथे बसून नक्ष्या काढू लागले. शहराच्या एका टोकाला माग, दुसऱ्या टोकाला नक्षी, मध्ये रिक्षा आणि फ्लॉपी.

साडेतीन इंची फ्लॉपीत १.४४ एमबी मावायचं. नान्नांच्या चौदा मोठ्या नक्ष्या खिशात बसायच्या. त्यांना दाखवली तर त्यांनी पुढचं पत्र्याचं झाकण सरकवून आत डोकावलं आणि विचारलं, "भोकं कुठायत?" फ्लॉपीचा वेग सेकंदाला तीसेक केबी. पुठ्ठ्यापेक्षा शेकडो पटींनी जास्त, पण भरवसा पुठ्ठ्याचा निम्मासुद्धा नाही. पावसाळ्यात फ्लॉपीवर बुरशी यायची. रिक्षात स्पीकरच्या चुंबकाशेजारी ठेवली तर कारखान्यात पोचेपर्यंत कोरी व्हायची भीती. मी प्रत्येक नक्षीच्या दोन फ्लॉप्या पाठवायचे, एक कामाला आणि एक देवाला.

मग हार्ड डिस्क मोठ्या झाल्या. हार्ड डिस्कचाही इतिहास गमतीचा आहे. आयबीएमची पहिली १९५६ साली आली. दोन-दोन फुटी पन्नास तबकड्या, वजन टनाच्या घरात, आणि मावायची पन्नास लाख अक्षरं. त्यांचं एक अक्षर सहा बिटांचं. त्या हिशेबाने आमच्या मोठ्या चादरीच्या सदतीस नक्ष्यांत ती भरली असती. पण तिने एक मोठी गोष्ट केली. माळ फिरवत बसायची गरज संपवली. तबकडी फिरते आहे, वर एक हात आहे, हव्या त्या वर्तुळावर हात न्यायचा आणि हवी ती जागा खाली येईपर्यंत थांबायचं. शोधणं संपलं नाही, थोडक्यात आलं.

थोडक्यात म्हणजे किती? मिनिटाला ७२०० फेरे मारणाऱ्या डिस्कचा एक फेरा सेकंदाच्या एकशेविसाव्या भागात होतो. सरासरी अर्धा फेरा थांबावं लागतं, त्यात हात सरकवायचा वेळ मिळवा. एक जागा गाठायला साधारण बारा-तेरा मिलिसेकंद. म्हणजे सेकंदाला ऐंशीच्या आसपास जागा. सलग वाचत गेलं तर हीच डिस्क सेकंदाला दीडशे एमबी ओतते. पुढे विणताना शंभर पुठ्ठे आणि माघारी जाताना एकेक, असं जे मागाचं होतं तेच हिचं. फक्त काटा सेकंदावरून मिलिसेकंदावर आलेला.

आमच्या घरात तार आली २००७ साली. मुलगा शाळेत होता, त्याचा कॉम्प्युटर खाली, माझा वर. एका ओळखीच्या मुलाने भिंतीतून केबल ओढली आणि चार भोकांचा स्विच लावून दिला. पहिल्या दिवशी एक नक्षी जिना न उतरता खाली गेली तेव्हा मी देवापुढे साखर ठेवली. तो स्विच सेकंदाला १०० मेगाबिटचा. बिट, बाइट नव्हे. आठाने भागा, साडेबारा. त्यात पत्ते-पाकिटांचा खर्च वजा जाता हातात पडायचे सेकंदाला अकरा एमबी. तेव्हा वर कुठलीही डिस्क लावा, जुनी, नवी, महाग, स्वस्त, आकडा अकराच. डिस्क साठ-सत्तरने द्यायला तयार, पण गल्लीच इतकी अरुंद की एका वेळी एकच हातगाडी जाईल. त्या काळात रस्त्याला दोष देणं बरोबर होतं. आणि तीच सवय सगळ्यांना लागून राहिली.

काही वर्षांनी मुलाने गिगाबिटचा स्विच आणला, रस्ता दहापट रुंद. सेकंदाला एकशे दहा-पंधरा एमबी यायला हवं होतं. आलं अकराच. तो दोन दिवस सेटिंग उचकत बसला. मी भिंतीतून बाहेर आलेल्या तारेचं टोक बघितलं. केबलमध्ये आठ तारा असतात, चार जोड्या. १०० मेगाबिटला दोन जोड्यांवर भागतं, गिगाबिटला चारही लागतात. आमच्या टोकाला एक तार प्लगच्या आत नीट दाबलीच गेली नव्हती. तीन जोड्यांवर स्विचने मुकाट्याने जुना वेग धरला होता, एक शब्द तक्रार न करता. आठ भोकांच्या ओळीतलं एक भोक बुजलं की मोराचा पंख तुटतो, ते शोधायला माझी नजर तयार होती. टोक कापून नवा प्लग बसवला. आकडा एकशे बारावर गेला.

त्या दिवसापासून आमच्या घरात अडचण तारेतून निघाली आणि पेटीत जाऊन बसली. फक्त आम्हाला ते कळलं नाही. मोठे व्हिडिओ एकशे बाराने यायचे, सगळं ठीक वाटायचं. नक्ष्यांचा फोल्डर मात्र मी वरून खाली सहसा एकदम आणत नसे, लागेल ती एकच आणायचे. म्हणून मार्चमधल्या त्या संध्याकाळपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नाही.

त्या संध्याकाळी मी मुलाला म्हटलं, "चल, मोजू." तो घड्याळ घेऊन बसला, मी वही. वरच्या पेटीत तबकडीची हार्ड डिस्क होती. शेजारी एक एसएसडी लावली. एसएसडीत तबकडी नाही, हात नाही, फिरणारं काहीच नाही. तोशिबातल्या फुजिओ मासुओकाने १९८०च्या दशकात शोधलेल्या फ्लॅश चिपा, त्यात विजेचा भार अडकवून ठेवलेला. कुठलीही जागा गाठायला मिलिसेकंदाचाही छोटासा अंश पुरतो. साध्या साटा केबलवरसुद्धा सेकंदाला साडेपाचशे एमबीपर्यंत वाचते.

आधी ८ जीबीचा व्हिडिओ. हार्ड डिस्कवरून एक मिनिट बारा सेकंद. एसएसडीवरून एक मिनिट अकरा. मुलाचा चेहरा पडला. "पैसे पाण्यात की अम्मा." पाण्यात नव्हे, तारेत. साडेपाचशेने देणारी पेटी आणि एकशे बाराची तार, तर मिळणार एकशे बाराच. यापेक्षा पाच-सातपट पळणाऱ्या एनव्हीएमई डिस्क आता सर्रास मिळतात. गिगाबिटच्या तारेवर त्यांचाही आकडा हाच येणार.

मग नक्ष्यांचा फोल्डर. हार्ड डिस्कवरून सहा मिनिटं दहा सेकंद. एसएसडीवरून एक मिनिट पन्नास. तार तीच, स्विच तोच, फाइली त्याच. बारा हजार फाइली म्हणजे बारा हजार वेळा हात उचलून नव्या जागी न्यायचा, आधी यादीत बघायचं, मग फाइल कुठे आहे तिकडे जायचं. वर्षानुवर्षं बदलत गेलेला फोल्डर, फाइली तबकडीभर विखुरलेल्या. दर फाइलीमागे दीड-दोन फेऱ्या धरा आणि गुणाकार करा, चार-पाच मिनिटं तिथेच जातात. बाकी राहिलेलं एक मिनिट पन्नास एसएसडीलाही लागलं, कारण दर फाइलीमागे दोन कॉम्प्युटरांना एकमेकांना विचारावं लागतं: उघडू का, घेतली का, बंद करू का. मी मुलाला दाखवलं, बारा हजार नक्ष्यांची एकच झिप केली आणि पाठवली. नऊ सेकंदांत खाली. "पुठ्ठे सुटे नेले की वेळ जातो," मी म्हटलं, "ओवून ने."

तिसरी मोजणी उलटी, खालून वर, जुन्या कामाच्या साठवणीच्या डिस्कवर. ही डिस्क मोठी आणि स्वस्त म्हणून घेतलेली. पहिली काही मिनिटं एकशे बारा. मग एकदम तीस. मग वीस. मुलगा म्हणाला, डिस्क खराब. खराब नव्हती, जातच वेगळी होती. तबकडीवर जास्त मावावं म्हणून असल्या डिस्कमध्ये वर्तुळं कौलांसारखी एकमेकांवर थोडी चढवून लिहितात. वाचताना अडचण नाही. पण मधलं एक कौल बदलायचं तर त्यावर चढलेली पुढची कौलं उचलून पुन्हा बसवावी लागतात. म्हणून आलेला माल डिस्क आधी एका मोकळ्या पट्ट्यात पटापट घेते आणि सवडीने कौलांखाली नेते. जुळे सोलापुरात हे समजावून सांगायला लागत नाही. आमच्याकडे नळाला पाणी रोज येत नाही. आलं की खालचा हौद जोरात भरतो. हौद भरला की मग गच्चीवरच्या टाकीत मोटर चढवील तेवढंच. डिस्कचा हौद भरला होता. अर्धा तास तिला निवांत ठेवली, पुन्हा एकशे बारा.

वहीतली तिन्ही पानं मी अजून ठेवली आहेत. त्यावरून आमच्या घरची नवी व्यवस्था ठरली. चालू नक्ष्या एसएसडीवर. मोठे व्हिडिओ आणि जुनं काम तबकडीच्या डिस्कवर, कारण तिथे जागा स्वस्त आहे आणि तार भरायला तिचा वेग पुरतो. कौलांची डिस्क फक्त रात्रीच्या नकलेसाठी, तिने सवडीने लिहावं. राउटर तोच आहे. त्याला घरातल्या इंटरनेटपलीकडे या भानगडीशी काही देणंघेणं नव्हतं.

२००५ साली सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रात सगळ्यात आधी. वर्तमानपत्रात मागांचे फोटो आले, घड्या घातलेल्या चादरींचे आले. पुठ्ठे पाडणाऱ्यांचा फोटो कुठे दिसला नाही. ते बरोबरच होतं म्हणा. नान्नांचं काम चादरीत दिसत नाही, चादर दिसते. नान्ना त्याआधी दोन वर्षं गेले. पियानो भंगारवाल्याने नेला, त्याच्या लोखंडाचे चांगले पैसे आले.

एक गठ्ठा मात्र मी इकडे येताना आणला होता. मोराची चादर, शंभरेक पुठ्ठे, बाकीचे उंदरांनी आणि ओलीने नेले. त्या मोजणीच्या रात्री मुलगा माळ्यावर चढून तो खाली घेऊन आला. बाजूला एसएसडी पडली होती, विड्यांच्या बंडलाएवढी. त्यावर काही लिहिलेलं डोळ्यांना दिसत नाही, आणि वीज न देता वर्षानुवर्षं ठेवली तर आतला भार विरत जातो. त्याने एक पुठ्ठा उचलून ट्यूबलाईटसमोर धरला. भोकांतून उजेड आला. तो ओळी मोजू लागला, आठ-आठ, आणि मध्येच थांबला.

"अम्मा, इथे कागद चिकटवलाय."

मी हातात घेतला. एका भोकावर पातळ कागदाचा गोल तुकडा, खळीने डकवलेला, पिवळा पडलेला. नान्नांची एक कळ चुकून दाबली गेली होती. त्यांनी अख्खा पुठ्ठा फेकला नाही, तेवढं एक भोक बुजवलं आणि पुढची ओळ पाडली. पन्नास वर्षं झाली असतील, कागद सुटलेला नाही.